सदरहू हाड

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते ट्रकच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसून दगड चाटत होते.

वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात मी तेव्हा वजनकाट्यावर कामाला होते. ट्रक काट्यावर घ्यायचा, नंबर आणि वजन पावतीवर लिहायचं, पावती खिडकीतून बाहेर, पुढचा ट्रक. दिवसभर हेच. बाजारात नमुन्यांना तोटा नव्हता, पण दगड चाटणारा माणूस, तोही पांढऱ्याशुभ्र इस्त्रीच्या शर्टातला, खिशाला दोन पेनं लावलेला, साठी उलटलेला, मी पाहिला नव्हता. काट्याच्या अलीकडे चढण होती. रांगेत ट्रक थांबला की क्लीनर खाली उडी मारायचा आणि गाडी मागे सरकू नये म्हणून मागच्या चाकाला दगड लावायचा. प्रत्येक गाडीचा आपापला दगड असतो आणि तो गाडीबरोबर गावोगाव फिरतो. तसलाच एक दगड क्लीनरने नुकताच काढून बाजूला ठेवला होता आणि या गृहस्थांनी तो दोन्ही हातांत घेतला होता. एकदा चाटायचे आणि डोळे मिटून विचार करायचे.

"ओ चाचा, भूक लगी है क्या?" ड्रायव्हर वरून ओरडला.

"भूक नाही," ते शांतपणे म्हणाले. "सदरहू दगड जिभेला चिकटतो आहे. दगड चिकटत नाही. जुनं हाड चिकटतं."

मागे सात-आठ गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. ड्रायव्हर दगड देईना, कारण दगड लकी होता. हे सोडीनात. शेवटी माझे वडील मधे पडले. ते तिथे माथाडी होते, सातारा सोडून पंचवीस वर्षं डोक्यावर पोती वाहत होते आणि त्यांचा शब्द बाजारात चालायचा. त्यांनी कुठूनतरी लाकडाचा एक भक्कम ठोकळा आणून क्लीनरच्या हातात ठेवला, दगड म्हाताऱ्याच्या हातात राहू दिला आणि गाडीवर थाप मारली. "म्हातारं येडं हाय," ते मला खिडकीतून म्हणाले, "पर खोटं न्हाय."

गाडी हलताना यांनी क्लीनरला एकच प्रश्न विचारला. "गाव? हा कुठून उचलला?"

"मालूम नहीं चाचा. सेठने गाडी सेकंडहँड ली, तब से है."

त्यांचा चेहरा पडला. मग ते माझ्या खिडकीशी आले, गाडीचा नंबर उतरवून घेतला आणि मला विचारलं, "गाव?"

"कोपरखैरणे."

"ते घर झालं. गाव?"

मी वडिलांचं गाव सांगितलं. "नदी?" त्यांनी विचारलं. नदीचं नाव मला आठवेना. वडिलांना हाक मारून विचारावं लागलं. त्यांनी ते लिहून घेतलं. माझं नाव मात्र त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही. मी त्यांची 'काटेबाई' झाले ती कायमची. माझ्यापेक्षा वयाने दुपटीहून मोठा माणूस मला अहो-जाहो करायचा, आणि ते ऐकायला मला फार आवडायचं. मी त्यांना काका म्हणायचे. काट्यावर बसणाऱ्या मुलीला तोपर्यंत कुणी अहो म्हटलं नव्हतं.

ते बोनकोडे गावात एका खोलीत भाड्याने राहत. चहूबाजूंनी सोसायट्या उभ्या राहत होत्या आणि मधे ते जुनं गाव तसंच होतं. त्यांच्या दारावर पाटी होती आणि नावाखाली लिहिलं होतं: 'व्रणोपचारक (निवृत्त)'. हे काय प्रकरण आहे ते गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. काही जण पत्रिका घेऊन यायचे, एकीने तर मुलीचं लग्न जमत नाही म्हणून नारळ आणला होता. ते सगळ्यांना बसवून समजावून सांगत की सरकारी गुरांच्या दवाखान्यात बैलाच्या जखमा धुऊन पट्टी बांधणारा जो माणूस असतो, ज्याला सगळे ड्रेसर म्हणतात, त्याला सरकार व्रणोपचारक म्हणतं. नारळ परत देत नसत. फोडून खोबरं वाटून टाकत.

सरकारी कागदांत जन्म गेल्यामुळे त्यांची भाषाही तशीच झाली होती. आमच्याकडे चहा प्यायले की म्हणणार, "सदरहू चहा उत्तम आहे. साखर एक चमचा जादा, तरी चालू ठेवण्यास हरकत नाही." पाऊस लांबला की तो "अद्याप अप्राप्त" असायचा. माझी आई तोंडाला पदर लावून हसायची. पण त्या बोलण्यात नाटक नव्हतं. नोंद चोख असली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं.

त्यांच्या खोलीत एक कॉट, एक स्टोव्ह आणि बाकी हाडं होती. बैल, म्हैस, घोडा, डुक्कर, घुबड, कासव. प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठ्या जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या, त्यामुळे एका बाजूला गणपती आणि दुसऱ्या बाजूला रेड्याचा खुबा. चिठ्ठीवर आधी गाव, मग नदी, मग आणणाऱ्याचं नाव, आणि सगळ्यात शेवटी जनावर. मी म्हटलं, जनावर आधी लिहायला हवं ना? म्हणाले, "जनावर नंतर कधीही ओळखता येतं, काटेबाई. आज मी चुकलो तर उद्या दुसरा कुणी बरोबर करील. गाव हरवलं की ते कुणालाच आणता येत नाही. बिनगावाचं हाड म्हणजे नुसता दगड." ज्या हाडाचं गाव कळत नसे ते त्यांच्या खोलीत राहत नसे. मागच्या आवारात खड्डा खणून ते त्याला व्यवस्थित पुरून टाकत.

घरमालकीण आगरी, कमरेला कनवटी मारलेली, तोंडाने फटकळ. ती म्हणायची, "बाबा, तुजे घरान माणूस कमी न् हाडा जास्ती हायेत." पण स्वतःच्या गायीचं दूध पहिलं त्यांना द्यायची, कारण त्या गायीचा सडलेला खूर त्यांनी बरा केला होता.

एकदा ते मला आणि वडिलांना उरणजवळ मोऱ्याला घेऊन गेले. धक्क्यावर एक कोळीण त्यांची वाट बघत बसली होती. तिने माशांच्या पाटीखालून फडक्यात बांधलेला, ताटाएवढा एक मणका काढला. "जाल्यान गावला," ती म्हणाली. "सगली बोलली फेक, मी बोल्ली नाय, माजा हाडवाला बाबा येल." त्यांनी तिला गाव विचारलं, कुठल्या बाजूच्या पाण्यात सापडला ते विचारलं, तिच्या नवऱ्याचं आणि होडीचं नाव लिहून घेतलं. परत येताना माझ्या वडिलांच्या मानेवर त्यांनी बोट ठेवलं. पोतं वाहून वाहून तिथे एक टणक उंचवटा आला होता. "हे मानेचे मणके बघा," ते म्हणाले. "हजार वर्षांनी कुणाला सापडले तरी त्याला कळेल की हा माणूस डोक्यावर ओझं वाहून जगला. कागद खोटा लिहिता येतो. हाडाला तसं जमत नाही." वडील पुढे कितीतरी दिवस बाजारात ज्याला त्याला मान दाखवत फिरायचे. पंचवीस वर्षांत त्यांच्या मानेचं कौतुक कुणी केलं नव्हतं.

हा मोठ्या मनाचा माणूस आतून एका गोष्टीने कुरतडला गेलेला होता. ती गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, काट्यावर गाड्या नव्हत्या अशा एका दुपारी.

तरुणपणी ते नगर जिल्ह्यात नदीकाठच्या एका दवाखान्यात होते. विहीर खणताना लोकांना एक भलंमोठं हाड सापडलं. राक्षसाचं म्हणून गाव घाबरलं आणि हाड बैलगाडीत घालून दवाखान्यात आणलं. डॉक्टर रजेवर होते. लोक घाईत होते. यांनी हाड पाहिलं, काहीतरी वेगळं वाटलंही, पण आपल्याला येत नाही असं म्हणायची लाज वाटली. रजिस्टरमध्ये लिहून टाकलं: 'बैल, पूर्ण वाढीचा.' गावकऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि हाड डोहात सोडून दिलं. पुढे बऱ्याच वर्षांनी तालुक्याच्या वाचनालयात एका जुन्या पुस्तकात यांनी एक चित्र पाहिलं, ते थेट त्या विहिरीतल्या हाडाचं होतं. आपल्याकडच्या नद्यांत हजारो वर्षांपूर्वी पाणघोडे राहत होते, असं त्या पुस्तकात लिहिलं होतं.

"गोदावरीच्या खोऱ्यात पाणघोडा, काटेबाई. आणि मी त्याला बैल लिहिला."

त्यांनी नोंद दुरुस्त व्हावी म्हणून रीतसर अर्ज केला होता. उत्तर आलं की, सदर जनावर मृत असल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे. हे सांगताना ते हसले, मीही हसले. मग ते म्हणाले, "मरेपर्यंत एक हाड बरोबर ओळखून, गावासकट, पुण्याच्या संशोधन संस्थेच्या कपाटात पोचवायचं आहे. मग त्या बैलाची फिट्टंफाट होईल." एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून तो चाकामागचा दगड. त्याचं गाव कधीतरी लागेल, या आशेवर तो त्यांनी पुरला नव्हता.

दर रविवारी ते तो पिशवीत घालून आमच्याकडे आणायचे, कारण आमच्या गॅलरीत ऊन चांगलं यायचं. वीतभराहून थोडा लांब, एका टोकाला जाड आणि गुळगुळीत, दुसऱ्या टोकाला तुटलेला तुकडा. रंग करपलेल्या भाकरीचा. तुटलेल्या बाजूला वाळू, गोटे आणि पांढरट चुनखडीचा घट्ट थर चिकटलेला होता, आणि त्या थरात तांदळाएवढा एक शंख रुतून बसला होता. तो शंख त्यांनी मला भिंगातून दाखवला होता. हाडाचं टोक ते बैलाच्या मांडीच्या हाडाशेजारी ठेवत, मग म्हशीच्या, मग घोड्याच्या. कशाशीच जुळेना. हत्ती म्हणावा तर लहान. सर्कशीचा हत्ती मेला होता तेव्हा यांनी त्याचं हाड आतून पाहिलं होतं, ते पावासारखं जाळीदार होतं. हे तसंही नव्हतं. तीन-चार महिने असे गेले. ते वाळले. चहावर अभिप्राय देईनासे झाले.

कोडं सोडवलं माझ्या वडिलांनी. रविवार होता, घरात मटण होतं, वडील ताटावर बसून नळी चोखत होते. ती ताटात आपटता आपटता त्यांनी समोरच्या दगडाकडे पाहिलं, तो उचलला, तुटक्या बाजूने थर नव्हता तिथून आत डोकावले आणि म्हणाले, "काय वो हे जनावर! ह्येच्या नळीत चोखाया कायच न्हाय. समदी भिताडच हाय."

काकांचा घास हातातच राहिला. त्यांनी दगड घेतला, उन्हात नेला, भिंग लावलं. खरंच, मधली पोकळी जेमतेम करंगळी जाईल एवढी आणि बाजूची भिंत जाडजूड. बैलाची नळी रुंद असते. इतक्या जाड भिंतीचं हाड जमिनीवर पळणाऱ्या जनावराला परवडत नाही.

"जड हाड कुणाला लागतं?" ते स्वतःशीच बोलत होते. "ज्याला पाण्याच्या तळाशी राहायचंय त्याला. पोहणारं नाही हे. तळावरून चालणारं." मग ते वळले. त्यांचे डोळे भरले होते. माझ्या वडिलांना, हाताला रस्सा लागलेला असताना, त्यांनी वाकून नमस्कार केला. वडील इतके गोंधळले की त्यांनीही उलट नमस्कार केला.

पुण्याला त्या संस्थेत अशी हाडं अभ्यासणारे, डॉक्टर पदवीचे एक विद्वान होते. त्यांना काकांनी चार पानी पत्र लिहिलं, मापं दिली, चित्र काढून पाठवलं. तो मधला काळ नवरात्राचा. घरमालकिणीने बजावलं, "नऊ दिस तरी ही हाडा बाहेर ठेव बाबा. देवी बसली हाय घरान." बाकीची हाडं त्यांनी पोत्यात भरून गोठ्यात ठेवली. हे एक मात्र माझ्या हवाली केलं. "काटेबाई, ताबा तुमच्याकडे," म्हणाले. मी टॉवेलात गुंडाळून कपाटात वर ठेवलं.

दसऱ्यानंतर पुण्याचं उत्तर आलं. हाड घेऊन या, असं त्यात होतं. ते काट्यावर धावतच आले, परवाच्या सकाळच्या एस.टी.ची दोन तिकिटं काढली म्हणाले, मलाही रजा टाकायला लावली. पत्र त्यांच्या खिशात होतं. त्यातलं दुसरं वाक्य त्यांनी मला वाचून दाखवलं नाही, कारण रांगेत गाड्या होत्या आणि मीच म्हटलं होतं, काका, नंतर.

आता मी काय केलं ते सांगते.

आमची खोली नवी होती. नव्या मुंबईत तेव्हा सगळंच नवं आणि सगळ्यावर सिमेंटचे डाग. बिल्डिंग बांधणारे लाद्यांवर, खिडक्यांवर, संडासाच्या भांड्यावर सिमेंट सांडून निघून जायचे आणि राहायला येणारे ॲसिडच्या बाटल्या आणून महिनोन्‌महिने ते घासत बसायचे. दर सुट्टीला प्रत्येक मजल्यावरून तो वास यायचा. पुण्याला जायच्या आदल्या संध्याकाळी मी हाड टॉवेलातून बाहेर काढलं. एवढ्या मोठ्या माणसासमोर जाणार आणि अंगावर हे खडी-वाळूचं लिंपण. सेकंडहँड गाडीबरोबर कुठल्या बांधकामावर पडलं असेल, सिमेंट बसलं असेल. मला तो शंख आठवला नाही असं नाही. आठवला, पण वाळूत शंख असतातच, आमच्या भिंतीच्या प्लास्टरमध्येही होते. काकांचं हाड नीटनेटकं दिसावं, कुणी त्यांना नावं ठेवू नयेत, एवढंच माझ्या मनात होतं. मोरीत बसून मी त्यावर ॲसिड ओतलं. फसफसून फेस आला. तारेच्या घासणीने घासलं, पाणी ओतलं, पुन्हा घासलं. अर्ध्या तासात लख्ख. बोटांची टोकं पांढरी पडून चुरचुरत होती, पण मी खुशीत होते. नवा टॉवेल काढून त्यात गुंडाळलं.

एस.टी.त त्यांनी ते मांडीवर घेतलं होतं. उघडून पाहिलं नाही. कोट घातला होता, नॅप्थॅलीनचा वास येत होता. घाटात मला म्हणाले, "आज त्या बैलाचा निकाल."

पुण्याचे डॉक्टर सज्जन होते. टॉवेल सोडला, हाड हातात घेतलं, खालचं टोक पाहिलं, तुटलेली बाजू पाहिली आणि हसले. "बरोबर आहे तुमचं. पाणघोडा. मांडीच्या हाडाचा खालचा भाग. नळीवरून ओळखलंत, कमाल आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. असा आनंद मी माणसाच्या चेहऱ्यावर परत पाहिला नाही.

मग डॉक्टरांनी हाड उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं. "आणि तो थर? मी पत्रात लिहिलं होतं, थराला हात लावू नका. तुम्ही चित्र काढलं होतंत, शंख होता त्यात. त्या वाळूवरून, शंखावरून आम्ही सांगू शकलो असतो हे कुठल्या नदीचं, कुठल्या भागातलं. आता कसं सांगणार?"

खोलीत पंखा फिरत होता. काकांनी हाड हातात घेतलं. अंगठा त्या गुळगुळीत झालेल्या जागेवरून फिरवला. मग त्यांची नजर माझ्या हातांकडे गेली. बोटांची टोकं अजून पांढरी होती. मी हात ओढणीखाली घेतले. मला बोलायचं होतं. बोलले नाही.

"सदरहू हाड मीच धुतलं," काका म्हणाले.

डॉक्टर चिडले. त्यांचं चुकलं नव्हतं. एवढी वर्षं हाडं सांभाळणाऱ्या माणसाला इतकं कळू नये, एखाद्या अडाण्याने केलं असतं तर समजलो असतो, असं बरंच बोलले. काका मान खाली घालून, शाळेतल्या पोरासारखे उभे राहून ऐकत होते. शेवटी डॉक्टर निवळले, म्हणाले, विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवून जा, पण ठिकाण नसल्यामुळे नोंदवहीत घेता येणार नाही. काकांनी हाड टॉवेलात गुंडाळलं. "नोंद नाही तर ठेवून उपयोग नाही," म्हणाले आणि नमस्कार करून निघाले.

आम्ही परतीची एस.टी. पकडली. खंडाळा आला तरी मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. तेव्हा त्यांनी माझ्या हातावर दोनदा थोपटलं आणि म्हणाले, "स्वच्छ मात्र सुरेख झालंय हो."

एवढंच. त्यानंतर त्या गोष्टीचा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. माझ्याही नाही. रोज ठरवायचे, आज सांगायचं, काका, मी चुकले. रोज ते समोर यायचे आणि रोज मी चहा पुढे करायचे.

ते हाड त्यांनी पुरलं नाही. गाव नसलेलं, त्यांच्या नियमाने दगड झालेलं ते हाड खोलीतच राहिलं. आणि ते स्वतः रोज सकाळी काट्यावर येऊन बसू लागले. मी केबिनबाहेर त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवलं. चढणीवर गाडी थांबली, क्लीनरने दगड लावला, की हे उठून विचारणार, "गाव? दगड कुठला? अशा रंगाचा दुसरा कधी पाहिलात?" गाड्या नाशिकहून यायच्या, नगरहून, सोलापूरहून, पार मध्य प्रदेशातून. ड्रायव्हर लोक त्यांची टर उडवायचे, गंमत म्हणून दगड चाटायला द्यायचे. "चाचा, इसका टेस्ट देखो." हे खरोखर चाटून बघायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "नाही. हा दगडच आहे. आभारी आहे." मी पावत्या लिहिता लिहिता आतून बघत असायचे. जवळजवळ दोन वर्षं हे चाललं. पावसाळ्यात छत्री धरून बसायचे.

पुढे माझं लग्न झालं आणि मी घणसोलीला गेले. बाळंतपणासाठी काही महिने रजेवर होते. परत कामावर आले तर स्टूल रिकामं होतं. वडील म्हणाले, "म्हातारं गेलं. पुतन्या आला हुता, घिऊन गेला. डोळ्याला दिसत न्हवतं म्हनं त्येला." मग त्यांनी लॉकरमधून टॉवेलाचं एक गाठोडं काढलं. "हे तुला ठिवलंय. म्हनला, काटेबाईंच्या ताब्यात द्या."

मी तशीच बोनकोड्याला गेले. खोलीला नवा भाडेकरू होता. कुठे गेले, कुठल्या गावाला, कुणाकडे, घरमालकिणीलाही ठाऊक नव्हतं. ती ओट्यावर बसली. मग म्हणाली, "आख्ख्या गावाला त्यानी गाव इचारला गं. आमी कोनी त्याला इचारलाच नाय."

मीही नाही. पहिल्या भेटीत त्यांनी मला गाव विचारलं, नदी विचारली. इतकी वर्षं माझ्या घरी चहा प्यायले, माझी चूक अंगावर घेतली, आणि मी त्यांना एकदाही विचारलं नाही, काका, तुमचं गाव कुठलं? मग मी पुण्याच्या डॉक्टरांना पत्र लिहिलं, त्यांच्याकडे पत्ता होता तो बोनकोड्याचाच. नगरकडचा कुणी ड्रायव्हर दिसला की विचारायचे, असा असा म्हातारा कुठे पाहिलात का, हाडं गोळा करणारा. दगडाबद्दलही विचारायचे. आजही एखादा म्हातारा रस्त्यात वाकून काही उचलताना दिसला की पाय थबकतात. त्यांची फार, फार आठवण येते.

गाठोड्यात हाड होतं आणि त्याला लग्नपत्रिकेच्या पाठीची चिठ्ठी बांधलेली होती. डोळ्यांना दिसत नसताना लिहिलेली, ओळी खालीवर गेलेल्या.

गाव : 
नदी : 
मिळाले : वाशी, ट्रकच्या चाकामागे.
ओळख पटवली : काटेबाईंचे वडील.
जनावर : पाणघोडा.
धुतले : मी स्वतः.

तरुणपणी एक चुकीची नोंद केली म्हणून जन्मभर हळहळलेल्या माणसाने ही दुसरी चुकीची नोंद जाणूनबुजून केली होती. ज्या माणसाचा कागदापेक्षा हाडावर विश्वास, त्याने माझ्यासाठी कागद खोटा लिहिला होता. मी चिठ्ठी कितीदा वाचली असेल. खोडायचा धीर झाला नाही, कारण त्यांचं अक्षर माझ्याकडे एवढंच आहे.

हाड आमच्या हॉलमध्ये शोकेसवर असतं. वडील होते तोवर आल्यागेल्याला चिठ्ठीतली आपली ओळ दाखवायचे. गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या मैत्रिणी आल्या होत्या, कॉलेजातल्या. एकीने हाड उचलून चिठ्ठी वाचली. माझ्या मुलीने तिला मोठ्या माहीतगारासारखं सांगितलं, कसा त्यावर थर होता, कसा तो धुतल्यामुळे गेला, पुण्याचे डॉक्टर कसे चिडले. हे सगळं मीच तिला कधीतरी सांगितलं होतं, एक गोष्ट सोडून. ती मैत्रीण हसली. "एवढं कळणारा माणूस आणि स्वतःच धुऊन टाकलं? मूर्खच असणार म्हातारा."

मुलगीही हसली.

त्या गेल्यावर मी मुलीला समोर बसवलं आणि सांगितलं. मग ड्रॉवरमधून पेन काढलं, शाईचं. चिठ्ठीवर खाली दोन बोटं जागा होती. त्यांचं अक्षर तसंच ठेवून, त्याखाली लिहिलं: 'वरील शेवटची नोंद चुकीची आहे. सदरहू हाड मी धुतले.' खाली सही केली. आणि सहीच्या आधी, त्यांच्या पद्धतीने, माझं गाव लिहिलं आणि नदी लिहिली.